लाल ठिपक्यांची गाडी

आमच्या तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अंबाबाईवर विश्वास होता. तिच्या खालोखाल माझ्यावर. तिसरं नाव मला तरी आठवत नाही. त्यांची उभी हयात जकात नाक्यावर गेली. ट्रक येऊन थांबला की तात्या बाकावरून उठायचे, हातातली लोखंडी सळई मालात खुपसायचे, बाहेर काढून नाकाजवळ न्यायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "पावणं, वर कडबा हाय ते दिसतंय मला. खाली काय हाय ते सांगा." आणि खाली काहीतरी असायचंच. कडब्याखाली तुपाचे डबे, कांद्याखाली साबणाची खोकी, एकदा तर वऱ्हाडाच्या ट्रंकेत सुपारी निघाली होती, वर नवरीचा शालू पसरलेला. नुसत्या वासावर ओळखायचे. ज्या माणसाशी दिवसभर लोक खोटं बोलतात, तो संध्याकाळी घरी येऊन वेगळा कसा वागणार, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र नुसता वैताग यायचा.

दूध आणायला ते मला घेऊन कोल्हापुरातल्या गंगावेशीत कट्ट्यावर जायचे. तिथं म्हैस तुमच्यासमोर पिळून फेसाळ दूध हातात देतात. अख्ख्या शहरातली ही एकच व्यवस्था तात्यांना पसंत होती. तरीसुद्धा धार काढायच्या आधी गवळ्याची चरवी ते स्वतः उलटी करून झटकायचे. गवळी हसून म्हणायचा, "तात्या, म्हशीच्या पोटात बी बघून घ्या की." तात्या गंभीरपणे म्हणायचे, "दिसत असतं तर बघितलं असतं." उन्हाळ्यात चटणी कांडायला आईला पाठवायचे ते याच बोलीवर, की यंत्रासमोरून हलायचं नाही. कांडपवाला आपली मिरची दुसऱ्याच्या मिरचीत मिसळतो, असं त्यांचं म्हणणं. आई बिचारी शिंकून शिंकून लाल व्हायची, डोळ्यांतून पाणी, पदर नाकाला, आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न, "डोळं पुसताना नजर हलली न्हाय न्हवं?" आई एकदाच बोलली होती. "हलली. नेली त्यानं तुमची मिरची. आता जावा पंचनामा करायला." त्या दिवशी तात्या जेवताना चटणी पुन्हा पुन्हा चाखून बघत होते.

अशा माणसाची मोटरसायकल काय साधी असणार? गाडीच्या ज्या ज्या भागाला पाना लागू शकतो, त्या प्रत्येकावर तात्यांनी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेला होता. प्लगवर ठिपका, कार्बोरेटरवर ठिपका, बॅटरीच्या बुडाला, चेनच्या कडीला, ब्रेकच्या लायनरला सुद्धा. मिस्त्री लोक चांगला भाग काढून घेतात आणि जुना घालतात, ही त्यांची खात्री. नेलपॉलिशची ती बाटली आईची नव्हती. आईला आयुष्यात कुणी नेलपॉलिश आणून दिली नाही. ती हत्यारांच्या डब्यात, स्क्रू-ड्रायव्हरशेजारी असायची. मी कॉलेजात असताना एकदा मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून तीच नखांना लावून गेले, तर तात्यांनी बाटली उजेडाला धरून पातळी बघितली.

आमचे मिस्त्री म्हणजे मल्लूअण्णा. निपाणीकडचे लिंगायत, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यातलं लिंग काम करताना शर्टाच्या आत टाकलेलं. उद्यमनगरच्या मागच्या अंगाला त्यांची एकट्याची पत्र्याची शेड होती. शेजारच्या फौंड्रीत सारखं ठोकायचं काम, त्यामुळं तिथं बोलायचं ते ओरडूनच. मल्लूअण्णा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, डोळे मिटून ऐकायचे आणि मग सांगायचे, "टाइमिंगची चेन सैल झालीया." खोलून बघितलं तर तेच. तात्या त्यांच्यासमोर लाकडी खोकं टाकून बसायचे आणि पहिल्या बोल्टापासून शेवटच्या बोल्टापर्यंत पापणी हलवायचे नाहीत. दुसरा कुणी असता तर पाना फेकून मारला असता. मल्लूअण्णा हसायचे. "तात्या, तुमच्या गाडीला गोवर झालाय वो," असं पहिल्यांदा ठिपके बघून म्हणाले होते. आणि वर, "माझ्यावर इस्वास ठेवा म्हणालो तर ठेवणार हाय काय तुम्ही? मग बघा की. बघायला जकात न्हाय."

मी त्या खोक्याच्या शेजारी उभी असायची. आधी नुसतीच. मग एक दिवस मल्लूअण्णा म्हणाले, "आक्का, उभी राहून काय करतीस? धर हे." आणि हातात दहा नंबरचा पाना दिला. चेन रॉकेलनं कशी धुवायची, ती किती सैल ठेवायची, प्लग तारेच्या ब्रशनं कसा घासायचा, ऑइल गरम असताना का काढायचं, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. बोल्ट आवळताना मी जोर लावायची, तर म्हणायचे, "आक्का, बोल्ट हाय, वैरी न्हाय. पुरे म्हणाला की थांबायचं." पोरीला कसलं हे शिकवता, असं येणारे जाणारे म्हणायचे. तात्या म्हणायचे, घरात एकाला तरी कळायला पाहिजे, कोण फसवतंय ते. दोघांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि दोन वेगळ्या कारणांनी. आता माझे गुडघे कुरकुरतात, गिअरची गाडी सोडून बरीच वर्षं झाली, पण बोल्ट पुरे म्हणतो ते बोटांना अजून ऐकू येतं.

मग आम्ही डिस्कब्रेकची गाडी घेतली. जुनीच, एकाकडून, महिनाभर मालकाच्या मागं लागून, इंजिन नंबर तीन वेळा तपासून. घरी आल्याबरोबर हिलाही ठिपके पडले. गल्लीतली ती पहिली डिस्कची गाडी. पोरं येऊन पुढच्या चाकाकडं बघायची. "नाद खुळा" म्हणायची. आधीच्या गाडीचा ब्रेक चाकाच्या पोटात, दिसायचा नाही. हिच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी उघडीच फिरायची आणि ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडनं चिमटीत धरायचे. नवरात्रात ते पॅड वाजायला लागले, ब्रेक दाबला की खर्रर्र आवाज. तात्यांनी नवे पॅड स्वतः दुकानातून आणले, घरी आणून दोन्हींच्या पाठीवर ठिपके दिले, वाळवले आणि मग आम्ही उद्यमनगरात गेलो. मल्लूअण्णांनी दोन बोल्ट काढून पॅड धरणारा कॅलिपर सोडवला, पिन ओढली, जुने पॅड काढले. ते झिजून पत्र्याला आले होते. आतला पिस्टन अंगठ्यानं मागं दाबला, नवे बसवले. मग मला म्हणाले, "आता लिव्हर दाबत राहा आक्का, घट्ट लागूस्तोवर." मी दाबत राहिले. पहिल्यांदा पोकळ जायचा, मग हळूहळू कडक झाला. उठताना त्यांनी तबकडीवर कोरडं फडकं फिरवलं आणि म्हणाले, "ही अशीच कोरडी ठेवायची. त्याल न्हाय, ग्रीस न्हाय. कायबी लावायचं न्हाय." तात्या तेव्हा जुने पॅड उलटेपालटे करून बघत होते. ऐकलं ते मी. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं मोठा सोहळा. सकाळी गाडी धुऊन अंगणात लावायची आणि तिच्यापुढं पाट मांडून घरातलं सगळं लोखंड पुजायचं. विळी, कोयता, अडकित्ता, आईचं शिलाई मशीन, पाने, पकड, तात्यांची नाक्यावरची सळई. आधी प्रत्येकाला तेलाचा हात, मग हळद-कुंकू, मग झेंडूचं फूल. स्वयंपाकघरातून पुरणाचा आणि कटाच्या आमटीचा वास. आईनं खोबरेलाची वाटी माझ्या हातात दिली आणि आत गेली. मी विळीला तेल लावलं, कोयत्याला लावलं, पाने चोळले. आणि गाडीकडं बघितलं तर काय, ती चकचकीत तबकडी तांबूस झालेली. धुतलेल्या डिस्कवर घटकाभरात गंजाची साय धरते, पहिल्या ब्रेकला ती आपोआप निघून जाते, हे मला माहीत नव्हतं. सणाच्या दिवशी, पूजेच्या गाडीला गंज! मी पॉलिश पेपर घेतला, घासून घासून आरशासारखी केली, आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून वाटीतलं उरलेलं खोबरेल दोन्ही बाजूंनी चोळलं. मल्लूअण्णांचं बोलणं कानात नव्हतं असं नाही. पण लोखंडाला खंडेनवमीला तेल लावायचं, हे मी त्याच्याही कितीतरी आधी ऐकलेलं होतं. वर कुंकवाचं बोट ओढलं. फार सुंदर दिसत होती. आईसुद्धा म्हणाली, "बाई बाई, चांदीचं ताटच की गं."

दसऱ्याला तात्या गाडीवरून चौकात जाऊन आले. गर्दीत चालायच्या वेगानं, तेही मागच्याच ब्रेकवर, कारण पुढचा दाबला की माणूस पालथा पडतो ही जुनी समजूत. दुसऱ्या दिवशी आई-तात्या सोनं द्यायला पन्हाळ्याला मामाकडं गेले. चढताना काय, ब्रेक लागतोच कुठं? उतरताना मागचा ब्रेक दाबून दाबून तापला आणि वळणावर समोरून एसटी आली, तेव्हा तात्यांनी पुढचा दाबला. लिव्हर कडक. गाडी मात्र तशीच चाललेली. त्यांनी ती डोंगराच्या बाजूच्या चरात घातली, म्हणून आज मला आई-बापाचं श्राद्ध दोन वेगळ्या दिवशी घालावं लागतं. तात्यांचा गुडघा फुटला. आईचा उजवा हात मनगटात मोडला. सीटा भरून चालणाऱ्या वडापच्या जीपमधून दोघं घरी आली तेव्हा आईच्या केसांत अजून आपट्याचं पान होतं. तात्या दारातच म्हणाले, "मल्ल्यानं पॅड बदलले." मला मात्र तेव्हाच, त्या दारातच, खोबरेलाची वाटी आठवली.

सकाळी गाडी टेम्पोत घालून तात्यांनी ती मल्लूअण्णांच्या दारात उतरवली. नाक्यावरचे दोघंतिघं साक्षीला घेतले होते. मी बरोबर होते. मला न्यायचं कारण म्हणजे, तात्यांच्या भाषेत, मी त्यातली जाणकार. मल्लूअण्णांनी आधी विचारलं, "वैनी कशा हाईत?" तात्या म्हणाले, "वैनीचं सोड. खोल ते." मल्लूअण्णांनी कॅलिपर खोलला, पॅड काढून तळहातावर धरले. पाठीवर दोन्ही लाल ठिपके जसेच्या तसे.

"ठिपकं हाईत बघा तात्या तुमचं."

मला वाटलं, सुटलो सगळे. तात्यांनी पॅड हातात घेतले, उजेडाला धरले आणि म्हणाले, "नेलपॉलिश काय मला एकट्यालाच मिळती व्हय बाजारात?"

साक्षीदारांनी माना हलवल्या. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की तात्यांपुढं निर्दोष सुटायची वाटच नाही. खूण नसली तर चोर, आणि असली तर पक्का चोर. मल्लूअण्णांनी मात्र तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी पॅडवरून अंगठा फिरवला, तबकडीच्या कडेवरून फिरवला आणि नाकाला लावला.

"हिला त्याल लागलंय."

"लागणारच. तुझं अख्खं दुकान त्यालात हाय."

"व्हय. पर माझ्या दुकानात खोबऱ्याचं त्याल न्हाय, तात्या."

फौंड्रीतलं ठोकणं चालूच होतं, पण मला ते ऐकू येईना. तात्या माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या साक्षीदाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "वैशे, तू लावलंतंस?"

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मला आईचा हात दिसत होता, प्लास्टरमधला, उशीवर ठेवलेला. मी म्हणाले, "न्हाय."

"ऐकलंस?" तात्या म्हणाले. "माझी पोरगी खोटं बोलत न्हाय."

मल्लूअण्णा माझ्याकडं बघत राहिले. मी खाली बघितलं नाही, हे आठवतं. खोटं बोलताना खाली बघायचं नसतं, हे नाक्यावरच्या गोष्टी ऐकून ऐकून मला पाठ होतं. मग ते म्हणाले, "आक्का न्हाय म्हणती तर न्हाय." त्यांनी तबकडी पेट्रोलनं पुसून काढली, स्वतःच्या कपाटातले नवे पॅड घातले, बोल्ट आवळले, लिव्हर दाबून कडक केली आणि किल्ली तात्यांच्या हातात न देता माझ्या हातात दिली. मी घरी गेले. आईच्या वाटणीच्या भाकऱ्या थापल्या. आईनं विचारलं, "मल्लू काय म्हणाला?" मी म्हणाले, "काय न्हाय."

नाक्यावरून किती ट्रक जातात आणि किती माणसं चहाला थांबतात, याचा विचार करा. तात्यांनी प्रत्येकाला सांगितलं. पन्हाळ्याचा घाट, एसटी, बायकोचा हात आणि मल्लू चोर. त्यांच्या तोंडून कुणाचं चांगलं कधी निघत नव्हतं, त्यामुळं खरं म्हणजे लोकांनी ते मनावर घ्यायला नको होतं. पण ब्रेकच्या बाबतीत कोण कशाला जोखीम घेतो? उन्हाळ्यात मी एकदा मुद्दाम त्या बाजूनं गेले तर शेडपुढं एकही गाडी नव्हती आणि मल्लूअण्णा तात्यांच्या त्या लाकडी खोक्यावर बसून फौंड्रीकडं बघत होते. मी थांबले नाही. पावसाळ्यानंतर शेडला दुसऱ्याच कुणाचं कुलूप होतं. ते कबनूरला मेहुण्याच्या यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्तीला लागले, असं शेजारच्यानं सांगितलं.

पुन्हा खंडेनवमी आली. मी अंगणात पाट मांडत होते. तात्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आले, गाडीच्या पुढच्या चाकाशी बसले आणि ती तबकडी त्यांनी त्या कापडानं नीट गुंडाळली. मी बघतच राहिले. दुखऱ्या गुडघ्यावर वाकून ते गाठ मारत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. कडब्याखालचं तूप वासावर ओळखणारा माणूस! त्याला त्या दिवशी, शेडमध्ये, दोन हातांच्या अंतरावरून खोबरेलाचा वास आला नसेल? मला आजही संशय आहे की त्यांनी मला प्रश्न विचारला तो उत्तर माहीत असतानाच.

"तात्या," मी म्हणाले, "आपण मल्लूअण्णांकडं जाऊन येऊया."

त्यांनी गाठीवर दुसरी गाठ मारली. "जाऊन काय सांगू? अख्ख्या नाक्याला सांगितलंय, मल्लू चोर हाय. आता काय सांगत फिरू? मल्लू चोर न्हाय, माझी पोरगी खोटारडी हाय?"

"व्हय. तेच सांगा."

"मला न्हाय जमायचं," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला होता, की मला त्यांची दया आली आणि रागही आला. "तू तेलाची वाटी आण. विळीला लाव."

दसरा झाल्यावर मी एकटीच ती ठिपक्यांची गाडी घेऊन कबनूरला गेले. मागांचा खडखडाट रस्त्यापासूनच ऐकू येत होता. कुणीतरी आत जाऊन सांगितलं आणि मल्लूअण्णा बाहेर आले. केसांवर, भुवयांवर कापसाची लव बसलेली. विभूती होती, पण घामानं फिसकटलेली. हातात पाना होता आणि त्याच्या मुठीवर लाल रंगाचा ठिपका. मी तिकडं बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "हितं हत्यारं चोरीला जात्यात," म्हणाले. मग विचारलं, "कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाय."

"मग काय पायजे? काय कबुली लिहून न्यायचीया?"

ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मी एका दमात सगळं सांगितलं. वाटी, गंज, पॉलिश पेपर, मी न्हाय म्हणाले ते. ऐकताना ते माझ्या मागं रस्त्याकडं बघत होते, माझ्याबरोबर अजून कोण आलंय का, ते बघत असावेत.

"ते त्याच दिवशी कळलंतं मला," ते म्हणाले.

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोललो की. खोबऱ्याचं त्याल हाय म्हणालो. अजून काय बोलायचं?" त्यांनी पाना खिशात घातला. "तुझ्या बानं चोर म्हटलं त्याचं काय न्हाय आक्का. त्यो म्हशीला बी चोर म्हणतो. पर तुला पाना धरायला मी शिकवला. आणि तू माझ्या डोळ्यांत बघून न्हाय म्हणालीस."

मी माफ करा म्हणाले, ते त्या खडखडाटात त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. पण तसंच निघून यायला मन होईना. काहीतरी पुन्हा जुन्यासारखं व्हावं असं फार वाटत होतं. म्हणून मी म्हणाले, "अण्णा, मागचा ब्रेक नीट लागत न्हाय. वाईच बघता?"

ते सवयीनं पुढं आले. गाडीपाशी वाकले, हात मागच्या चाकाकडं गेला. आणि मग तो हात तिथंच थांबला, मागं आला आणि त्यांनी तो पायजम्याला पुसला.

"नगं," ते म्हणाले. "मी हात लावायचा, आणि वाटंत काय झालं तर? तू घरी जाऊन काय सांगशील, काय ठावं?"

ते आत गेले. मी किक मारली आणि कोल्हापूरचा रस्ता धरला. मागचा ब्रेक उत्तम लागत होता. तो बिघडलाय, हेसुद्धा मी खोटंच सांगितलं होतं.